नळीपेक्षा मऊ, तेच नळीत

बंदुकीच्या दुकानात काम करतो म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "वाघ किती मारलेस रे गणू?" अहो, वाघ कसला मारतोय! इतक्या वर्षांत मी एक ढेकूणसुद्धा गोळीने मारलेला नाही. दुसऱ्याने झाडून आणलेली बंदूक धुवायची, एवढंच आमचं काम. म्हणजे वाघ त्यांचा आणि काजळी आमची.

किस्से विचाराल तर मात्र पोतंभर आहेत. आमच्याकडच्या तेलकट चिंध्यांसारखं आहे ते. दिवसभर वापरायच्या, कोपऱ्यात फेकायच्या, आणि शनिवारी बघावं तर गुडघाभर ढीग! आता बसलाच आहात, तर थोड्या झटकून दाखवतो. पण मध्ये कोणी बोलायचं नाही. मध्ये बोललं की माझं डोकं फिरतं, आधीच सांगून ठेवतो.

दुकान गिरगावात, घोड्यांच्या ट्रामच्या रस्त्याला. पुढे खुर्चीवर मंचेरशेठ, जातीचे पारशी, मनाने उदार आणि तोंडाने तोफ. मागच्या खोलीत आम्ही तिघं. धोंडू मिस्त्री मालवणकडचे, साठी उलटलेले, लांब बोटांचे. विठोबा माझ्याच वयाचा, तिशीतला, अंगाने रेडा आणि मनाने गाय. आणि तिसरा मी.

बंदुकीची दारू तेव्हा काळी. चार बार काढले की नळीत काजळी बसायची, आणि मुंबईच्या हवेत दोन दिवस तशीच ठेवली तर गंज चढलाच म्हणून समजा. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, त्यांच्यामुळे गोळी सरळ जाते. ते झिजले की त्या रायफलीने खुशाल चूल फुंकावी. म्हणून सगळा प्रश्न एकच, नळी साफ करायला आत घालायचं काय?

शेठचा एक कायदा होता. धुतलेली नळी मिस्त्रींनी खिडकीशी धरायची, मागच्या तोंडाशी पांढरा कागद लावायचा आणि पुढच्या तोंडातून बघायचं. शेठ विचारणार, "दिसते?" मिस्त्री म्हणणार, "लख्ख!" मगच माल पुढे जायचा. ज्याला नळीतून पलीकडचं दिसत नाही, त्याने घरी बसायचं. मिस्त्रींच्या आधीच्या मिस्त्रीला शेठनी असंच घरी बसवलं होतं, आणि ते सांगताना शेठच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण बसवलं होतं!

*

मी आधी लालबागच्या एका गिरणीत होतो. कापसाच्या भुश्शाने खोकला जडला म्हणून सोडली आणि कोणाच्या तरी ओळखीने या दुकानाच्या मागच्या दारात उभा राहिलो.

मिस्त्रींनी नाव-गाव काही विचारलं नाही. बाकावर पाच वस्तू मांडल्या. लोखंडी सळई, पितळेची तार, सागवानी काठी, काथ्याची दोरी आणि सुती चिंधी. म्हणाले, "यातलं नळीत काय घालशील?"

मी गिरणीतला शहाणा. झटकन सळई उचलली. सरळ, चकचकीत, मजबूत!

"दातात काही अडकलं तर खिळ्याने काढतोस?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही बुवा."

"मग?"

"कडुलिंबाच्या काडीने."

"का?"

"का म्हणजे? दात राहायला नकोत?"

मिस्त्री पुढच्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "शेठ, ह्याला ठेवा! अक्कल आहे, फक्त हातापर्यंत पोचलेली नाही!"

त्या दिवशी त्यांनी मला जो नियम सांगितला तो मी आजवर पाळतोय. नळीपेक्षा मऊ, तेच नळीत. लाकूड चालेल, पितळ जपून, सूत केव्हाही. "आणि लोखंड?" मी विचारलं. "लोखंड आणलंस तर तुलाच चिंधी करून आत घालीन!"

*

विठोबाचा किस्सा सांगितला नाही तर त्याला राग येतो. सांगितला तरी येतो.

एकदा मिस्त्री दोन दिवस रजेवर होते. एका वकिलाची रायफल धुवायला आली होती. विठोबाला वाटलं, मिस्त्री परत यायच्या आत काहीतरी करून दाखवावं. आता त्याची आई म्हणजे अख्ख्या चाळीत भांडी घासण्यात पहिली. तिच्या समईत तोंड बघून लोक भांग पाडायचे. ती घासायची चिंच, राख आणि विटकरीचा भुगा घेऊन. ह्या पठ्ठ्याने तेच केलं! काठीला फडकं बांधलं, चिंच-राख-विटकर लावली आणि दोन दिवस नळी घासली.

नळी अशी झळकली म्हणता! शेठनी आत बघितलं आणि ओरडले, "अरे खोदायजी! काय चकाकी! विठोबा, तू तर हिरा निघाला!"

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले. करंगळी आत घातली, फिरवली, आणि नळी विठोबाच्या हातात परत दिली.

"छान," ते म्हणाले. "आटे गेले सगळे. आता हिच्यात दूध तापव."

वकिलाला शेठनी दुसरी नळी बसवून दिली. विठोबा आठवडाभर चिंचेची आमटी खात नव्हता.

*

आता जरा गंभीर. हसायचं नाही, म्हणजे थोडं हसलात तरी चालेल.

पावसाळ्यात नळीत ओल शिरू नये म्हणून पुढच्या तोंडाला आम्ही बूच मारून ठेवायचो. एकदा असंच संध्याकाळी शेठ आत आले. मिस्त्रींनी एक रायफल उचलली, मागे कागद लावला, डोळा पुढच्या तोंडाला नेला.

"दिसते?"

"लख्ख!"

शेठ खूश होऊन पुढे गेले. विठोबाने माल बांधायला रायफल घेतली आणि मला कोपराने ढोसलं. बूच तसंच होतं! घट्ट बसलेलं! मिस्त्री बुचातून लख्ख बघत होते!

आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग एकेक आठवायला लागलं. चहाचा पेला उचलताना आधी बोटांनी चाचपणं, माणूस बोलल्याशिवाय त्याला न ओळखणं, उजेडात हात कपाळावर धरणं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चढत होता. परळला त्यांची विधवा बहीण आणि तिची तीन मुलं, सगळी मिस्त्रींच्या एकट्याच्या हातावर. मिस्त्री घरी बसले की पाचही जणांनी गावी जायचं, आणि गावी घराला छप्परसुद्धा उरलेलं नव्हतं. शेठचा कायदा तर तुम्हाला सांगितलाच.

विठोबा म्हणाला, "गणू, तुला खोकला आहे ना?"

"आहे. मग?"

"मग तो कामाला लाव!"

तेव्हापासून प्रत्येक नळी पुसायच्या निमित्ताने मी आधी बघायचो. साफ असली तर एकदा खोकायचो, नसली तर दोनदा. मिस्त्रींना आम्ही अक्षरही बोललो नाही. पण दोनच दिवसांत त्यांनी ते बरोबर हेरलं. एकदा खोकलो की "लख्ख!" दोनदा खोकलो की "अं हं, अजून एक पाणी हवं."

सहा महिने मस्त चाललं. आणि मग मला सर्दी झाली!

त्या दिवशी एकच नळी मिस्त्रींनी सात वेळा उकळत्या पाण्याने धुतली. मी तोंडावर उपरणं दाबतोय, विठोबा मला पाणी पाजतोय, पण खोकला काही थांबेना. आठव्या वेळी मिस्त्रींनी किटली खाली आपटली.

"गणू! सर्दी तुला आणि आंघोळ बंदुकीला? सुंठ घे, मेल्या!"

मग मिस्त्री हळूच म्हणाले, "कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"बुचाच्या दिवसापासून," विठोबा म्हणाला.

"शेठना?"

"नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले. मग चिंधी उचलून परत कामाला लागले. जरा वेळाने म्हणाले, "दोनदा खोकतोस ते जरा हळू खोकत जा. मी दचकतो."

*

एका संस्थानाचे कारभारी होते, पगडी, उपरणं, बरोबर दोन शिपाई. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी महाराजांची विलायती रायफल घेऊन आले. म्हणे काडतूसच आत जात नाही.

मिस्त्रींनी नळी कानाशी धरून हलवली. "तांदूळ," ते म्हणाले. परत हलवली. "आणि काहीतरी चिकट."

कारभारी खुलले. "असणारच! खंडेनवमीला यथासांग पूजा केली आम्ही. हळद, कुंकू, अक्षता, आणि शेवटी तूपसाखरेचा नैवेद्य. बाहेर ओघळतो म्हणून आतच ठेवला."

तेवढ्यात नळीच्या तोंडातून मुंग्यांची रांग निघाली. एक मुंगी कारभाऱ्यांच्या पगडीपर्यंत गेली.

कारभारी म्हणाले, "एवढं काय त्यात! सळई घाला आणि ठोका दोन."

"नाही," मिस्त्री म्हणाले, आणि दोन तास बसून, नरसाळ्याने गरम पाणी सोडत सोडत, एकेक दाणा बाहेर काढला. एकही ओरखडा नाही. मग रायफल कारभाऱ्यांच्या हातात देऊन हात जोडले.

"कारभारीसाहेब, पूजा बाहेरून करतात. आत देव नसतो, आत आटे असतात!"

पुढच्या वर्षी कारभाऱ्यांनी रायफल नवमीच्या आधीच पाठवली. सोबत चिठ्ठी. 'दसरा होईपर्यंत तुमच्याकडेच ठेवावी.' आम्हीच पूजा केली. बाहेरून.

*

आता हिराबाय. शिवडीच्या कोळीवाड्यातली. दुपारी डोक्यावर पाटी घेऊन आमच्या मागच्या दाराशी यायची, कारण शेठचा जीव पापलेटात. तिचा आवाज असा की पुढच्या खोलीत काच वाजायची.

तेव्हा आम्ही सागवानी काठी वापरत होतो. पण काठीतही कटकट होतीच. ती पुढच्या तोंडातून घालावी लागायची, म्हणजे गोळी सुटते त्याच तोंडाशी घासायची. लाकडात रेतीचा कण रुतला तर ते लाकूडही ओरखडे काढायचं. आणि मिस्त्रींचं खरं दुःख वेगळंच होतं. ते मला एकदा म्हणाले होते, "डोळे गेले तर गेले रे, पण काठी हाताला काहीच सांगत नाही. मुकी आहे."

त्या दुपारी विठोबाने काठीला फडकं जरा जास्तच गुंडाळलं आणि काठी मध्येच अडकली. एका बाजूला तो, एका बाजूला मी, घामाघूम झालो. हिराबाय पाटी खाली ठेवून बघत होती.

"काय रं मेल्यांनो, ढकलता कशाला? वढा की! आम्ही जन्मभर वढतो, कधी काय अडकत नाय!"

मिस्त्रींचा हात थांबला. "हिराबाय, परत बोल."

"काय परत बोल? वढा म्हणते, वढा!"

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याने वळलेली सुताची दोरी घेऊन आली. बारीक, घट्ट पिळाची, आणि टोकाला जाळ्याला लावतात ते शिशाचं वजन. मिस्त्रींनी आधी शिसं दाताखाली धरून चावलं. दात उमटला. "मऊ. चालेल." मग मागच्या तोंडातून वजन सोडलं. ते पुढच्या तोंडातून टपकन खाली आलं. दोरीच्या मागच्या टोकाला तेलाची चिंधी बांधली आणि मिस्त्रींनी एका दमात दोरी ओढली.

ओढली आणि तसेच उभे राहिले. परत चिंधी बांधली, परत ओढली, या वेळी डोळे मिटून. आणि एकदम त्यांच्या तोंडून घरची बोलीच बाहेर पडली, "गणू, माका आतला सगळा कळता रे!"

चिंधी कुठे घट्ट जाते, कुठे सैल पडते, कुठे खरखरते, सगळं दोरीतून बोटांत येत होतं. कितीतरी महिन्यांनी मिस्त्री मोठ्याने हसले. मला इतका आनंद झाला की मी उगाचच दोनदा खोकलो.

पण आमचं नशीब! तिसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या नळ्यांना आतून तांबूस गंज! विठोबा रडायच्या बेताला आला. मिस्त्रींनी दोरी उचलली आणि जिभेला लावली.

"खारट!"

हिराबाय कमरेवर हात ठेवून उभी. "दर्यातली दोरी ती! गोड लागायला काय बासुंदीत पडली होती?"

नवरोबाने आपली रोजची, समुद्रात भिजलेली दोरीच पाठवली होती. आम्ही ती विहिरीच्या पाण्यात तीनदा उकळली, वाळवली, नळ्या तेलाने परत नीट केल्या. गंज कोवळा होता म्हणून निभावलं. पण हिराबाय रुसली ती रुसलीच. दोन दिवस दाराशी फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः मागच्या खोलीत आले.

"धोंडू, तिची माफी माग बावा! दोन दिवस झाले, मी डाळ खाते!"

शेठ मराठीत नेहमी असंच 'मी खाते, मी जाते' बोलायचे. आम्हाला सवय होती.

*

ह्याच्यानंतर साताठ महिन्यांनी विलायतेहून नव्या तऱ्हेची रायफल नमुन्याला आली. शेठनी सगळ्यांना बोलावून दाखवली. दस्त्याला मागे एक छोटं झाकण. झाकण उघडलं तर आत गुंडाळी करून ठेवलेली सुताची दोरी, टोकाला पितळेचं वजन!

"बघा," शेठ छाती फुगवून म्हणाले, "साहेबलोकांची अक्कल! नळी साफ करायला दोरी! अगदी नवीन शोध!"

हिराबाय दारातच होती. पाटीसकट आत घुसली.

"ही आमची दोरी! माझ्या दादल्याची! नुसतं पितळ लावलंय मेल्यांनी!"

शेठनी तिला परोपरीने समजावलं, की हे सात समुद्रांपलीकडे बनतं, तिथल्या माणसांनी तुझ्या नवऱ्याचं नावसुद्धा ऐकलेलं नाही. हिराबायने दोरी हातात घेतली, पीळ उलगडून बघितला, आणि जरा निवळली.

"मग तिथं पण कोळी असतील."

"असतीलच," मिस्त्री म्हणाले.

*

आता शेवटचा. हा मी फार कोणाला सांगत नाही.

व्हॉलंटियर पलटणीच्या सगळ्या रायफली आमच्याकडे धुवायला यायच्या. आमची मागची खोली त्याच कामावर चालायची. एक दिवस पलटणीचा कॅप्टनसाहेब दुकानात आला, लालबुंद. शिवडीकडच्या चांदमारीवर त्याच्या शिपायांचे नेम चुकत होते, आणि कितीतरी रायफलींची पुढची तोंडं झिजलेली निघाली होती. "कोणीतरी लोखंड घालतोय," साहेब म्हणाला. "माझे शिपाई, नाहीतर तुमचं दुकान." तो हिंदुस्तानी बोलायचा, तीही मोडकी. मी तुम्हाला मराठीत सांगतो.

शेवटी ठरलं असं. शनिवारी मिस्त्रींनी परळच्या हत्यारखान्यात जायचं. साहेब बारा रायफली मांडणार. त्यातली एक लोखंडाने झिजलेली. मिस्त्रींनी ती बघून ओळखायची. ओळखली तर काम आमच्याकडेच, आणि शिपायांच्या सळया जप्त. नाही ओळखली तर काम दुसऱ्या दुकानाला.

शेठ म्हणाले, "बारा काय, बाराशे मांडा साहेब! आमच्या धोंडूची नजर म्हणजे घारीची नजर!"

मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी आत जावं.

निघताना विठोबाने मला सुंठ-गुळाची गोळी दिली. "नीट खोक हां," एवढंच म्हणाला, आणि दुकान सांभाळायला मागे राहिला. पण हत्यारखान्याच्या दाराशी पोचलो तर पहाऱ्यावरच्या शिपायाने बजावलं, आत कोणी खोकला तर तिथल्या तिथे बाहेर काढीन. प्लेगची साथ नुकती ओसरली होती, आणि साहेबलोक खोकल्याला वाघासारखे घाबरायचे. मी मिस्त्रींकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते तीन पायऱ्या चढले.

आत उकाडा मरणाचा. साहेबाने आपला लाल कोट काढून दाराजवळच्या खुंटीवर अडकवला, वर टोपी ठेवली, आणि नुसत्या सदऱ्यावर खिडकीशी जाऊन उभा राहिला. लांब टेबलावर बारा रायफली. साहेबाने पांढरा कागद पुढे केला. "बघ."

मिस्त्रींनी कागद घेतला नाही. "साहेब, बघून कोणीही सांगेल. मी ओढून सांगतो."

शेठच्या कपाळावर आठी. "धोंडू, हे काय नवीन?" पण साहेबाने हाताने खूण केली, करू दे.

मिस्त्रींनी कनवटीची दोरी काढली. पहिली नळी, वजन सोडलं, चिंधी बांधली, डोळे मिटले, ओढली. खाली ठेवली. दुसरी. तिसरी. चौथी. मला खोकला दाबून दाबून डोळ्यांत पाणी आलं होतं. पाचवीला ते थांबले. परत चिंधी बांधली, परत ओढली.

"ही. मागून घट्ट येते आणि शेवटची चार बोटं सैल. लोखंड फिरलंय, तेसुद्धा एकाच बाजूने."

साहेबाने शेठकडे बघून मान हलवली. बरोबर! शेठनी सोडलेला श्वास रस्त्यापर्यंत गेला असेल. मला नाचावंसं वाटत होतं. चला आता घरी!

पण मिस्त्री थांबतात कशाला? अजून सात राहिल्या होत्या ना! सहावी, सातवी, आठवी. मी त्यांचा सदरा मागून ओढतोय, पण नाही! अकरावीला परत थांबले.

"हीसुद्धा."

साहेब हसला. "एकच होती, मिस्त्री. ही माझी स्वतःची आहे. बाराचा आकडा पुरा करायला ठेवली. तिला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही."

"म्हणूनच," मिस्त्री म्हणाले.

शेठनी डोळे मिटून घेतले. साहेब रायफल घेऊन उजेडात गेला, मागे कागद धरला, आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मान कॉलरपासून कानापर्यंत तांबडी होत गेलेली मला मागून दिसत होती. मग त्याने शिपायाला काहीतरी सांगितलं, आणि शिपाई एक पेटी घेऊन आला. आत हस्तिदंती मुठीची, सुंदर, चकचकीत लोखंडी सळई!

मिस्त्रींनी ती हातात घेऊन वर-खाली चाचपली. "शेठ, साहेबाला विचारा, दातात काही अडकलं तर ते खिळ्याने काढतात का?"

"हे मी नाही विचारत बावा!"

पण साहेब माझ्याकडेच वळला. "क्या बोला?" आता मी काय करणार? सांगितलं. साहेबाची जीभ गालाच्या आतून दातांवरून फिरलेली मी स्पष्ट बघितली. त्याने सळई शिपायाच्या अंगावर फेकली आणि मिस्त्रींपुढे हात पसरला. मिस्त्रींनी हिराबायची दोरी त्याच्या हातावर ठेवली.

"काम तुमच्याकडेच," साहेब म्हणाला आणि दोरी गुंडाळत परत खिडकीशी गेला.

आम्ही निघालो. दाराशी पोचल्यावर मिस्त्री वळले, ताठ उभे राहिले, आणि कमरेत वाकून अगदी रीतसर मुजरा केला. खुंटीवरच्या कोटाला!

लाल कोट, पितळी बटणं, वर टोपी. त्यांना तेवढंच दिसत होतं. "येतो, साहेब," ते कोटाला म्हणाले, आणि जबाबाची वाट बघत हात जोडून उभे राहिले.

साहेब मागे खिडकीशी होता. तो एकदा मिस्त्रींकडे बघत होता, एकदा कोटाकडे. शेठही बघत होते. शेठचं तोंड उघडं पडलं होतं. मला खोकला आला आणि तो मी गिळला.

शेठ काही बोलणार, तेवढ्यात साहेबाने बोट ओठांवर ठेवलं. मग बुटांचा आवाज न करता, चवड्यांवर चालत तो खुंटीपाशी आला, आपल्या कोटाच्या बरोबर पुढे उभा राहिला, आणि कपाळाला हात लावला.

"सलाम, मिस्त्री."

मिस्त्री समाधानाने वळले. मी खांदा पुढे केला, पण त्याआधीच शेठनी त्यांचा दंड धरला होता.

"चल धोंडू," शेठ म्हणाले. "तीन पायऱ्या आहेत. मी मोजते."